अनोळखी मेक्सिकन गावात गाडी चालवताना : कानकून ते वायादोलिद, टप्प्याटप्प्याने

गेल्या डिसेंबरात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्याने मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागला नाही. आम्ही चौघं विमानाने कानकूनला उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि सहा दिवस युकातानमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आग्नेयेकडच्या द्वीपकल्पात, फिरलो. मी आणि नवरा त्याआधीही दोनदा तिकडे गाडी चालवून आलो होतो. परत आल्यापासून ओळखीतली मराठी कुटुंबं एकच प्रश्न विचारतात : "तिकडे गाडी चालवणं सुरक्षित आहे का गं?"

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा लुटारू असतात. ती भीती अगदीच खोटी नाही. मेक्सिकोत सिनालोआ, तामाउलिपास, ग्वेरेरो अशी राज्यं आहेत जिथे सहलीला जाऊच नका असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. युकातान राज्य मात्र त्याच यादीत बराच काळ सगळ्यात खालच्या, म्हणजे कमी धोक्याच्या पायरीवर राहिलं आहे. ही सूचना राज्यवार असते, म्हणून "मेक्सिको" न शोधता जिथे जाणार त्या राज्याचं नाव शोधा आणि तिकीट काढण्याआधी शोधा. राज्य नीट निवडलंत की खरा धोका उरतो तो रस्त्यावरच्या साध्या गोष्टींचा : न दिसलेला गतिरोधक, उलटा पडलेला वन-वे, अंधार, आणि गावात शिरल्यावर गाडी कुठे लावायची हे माहीत नसल्याने उडालेली धांदल.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. गाडी कुठे उभी करणार ते ठरल्याशिवाय गावात शिरू नका. खालचं बरंचसं लिखाण याच एका सवयीच्या आजूबाजूचं आहे.

घरून निघण्याआधी

आधी विमा. अमेरिकेतल्या गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा लागतोच आणि तो मेक्सिकन कंपनीचाच लागतो. तिथे त्याला 'दान्योस आ तेर्सेरोस' किंवा 'रेस्पोन्साबिलिदाद सिविल' म्हणतात. इंटरनेटवर गाडीचं भाडं दिवसाला पाच-दहा डॉलर दिसतं ते बहुतेकदा या विम्याशिवायचं असतं, आणि काउंटरवर पोचल्यावर आकडा तिप्पट-चौपट होतो. क्रेडिट कार्डावर जो विमा फुकट मिळतो तो साधारणपणे तुम्ही घेतलेल्या गाडीच्या नुकसानीचा असतो, समोरच्या माणसाला किंवा त्याच्या गाडीला झालेल्या नुकसानीचा नसतो. म्हणून बुकिंग करतानाच ई-मेलवर विचारा : दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा धरून एकूण किती होतील, आणि त्यात वकिलाची मदत व जामीन धरला आहे का? जामिनाचं का विचारायचं ते पुढे अपघाताच्या भागात सांगते. उत्तराची प्रिंट जवळ ठेवा.

भारतातून थेट येणाऱ्यांनी याच ई-मेलमध्ये आपलं लायसन्स चालेल का तेही विचारून घ्यावं. अमेरिकेतून स्वतःची गाडी घेऊन सीमा ओलांडणार असाल तर सीमेजवळचा पट्टा सोडून आत जाताना गाडीचा तात्पुरता आयात परवाना काढावा लागतो. तो वेगळाच विषय आहे, इथे मी भाड्याच्या गाडीबद्दलच लिहिते आहे.

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण जंगलातल्या रस्त्यावर रेंज जाते. आणि युकातान राज्यातल्या वायादोलिदसारख्या गावात कुठलं हॉटेल घ्यायचं हे ठरवताना खोलीच्या फोटोंआधी हॉटेलवाल्याला विचारा : गाडी लावायला तुमची जागा आहे का, ती फाटकाच्या आत आहे का, आणि नसेल तर जवळचं 'एस्तासिओनामिएन्तो' कुठलं? एस्तासिओनामिएन्तो म्हणजे पैसे देऊन गाडी लावायचं आवार. रात्रभर गाडी ठेवायची सोय असेल तर पाटीवर 'पेन्सिओन' लिहिलेलं असतं. दोन्ही शब्द पाठ करा.

गाडी ताब्यात घेताना

वीस मिनिटं काढा, मागे रांग असली तरी. गाडीभोवती चालत व्हिडिओ काढा : चारही चाकांच्या रिमा, टायरच्या बाजू, काच, छत. मग डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का ते बघा. स्टेपनीत हवा आहे का तेही अंगठ्याने दाबून बघा. बाबांनी हे न सांगता केलं. मला आधी संकोच वाटला, पण त्यांचं बरोबर होतं, स्टेपनी मऊ पडलेली होती. त्या लोकांनी मुकाट्याने हवा भरून दिली.

भारतातून येणाऱ्यांना स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून चालवायची. पहिला तासभर स्वतःला एकच गोष्ट बजावत राहा : मी चालवतोय तर मी रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ असलो पाहिजे. आपली बाजू फुटपाथकडे आली की काहीतरी चुकलं. चौकातून डावीकडे वळताना ही चूक हमखास होते. अमेरिकेतून येणाऱ्यांना ही अडचण नाही, पण त्यांची वेगळी आहे. पाट्या किलोमीटरच्या असतात, आणि '११०' बघून नजरेला सवयीने मैल दिसतात.

क्वोता की लिब्रे

कानकूनहून वायादोलिदला जायला दोन रस्ते आहेत. टोलचा रस्ता, ज्याला 'क्वोता' म्हणतात, क्रमांक १८० डी. आणि बिनटोलचा जुना रस्ता, 'लिब्रे', क्रमांक १८०. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. क्वोतावर दुतर्फा जंगल, सरळ रेषेत डांबर, गावं नाहीत, म्हणून दोन तासांत पोचता. पण पेट्रोलपंपही फार विरळ आहेत, त्यामुळे टाकी कानकूनमध्येच भरा. टोलला पेसोची रोकड ठेवा, कार्डावर विसंबू नका. पावती फेकू नका, टोलरस्त्यांवर तिच्याबरोबर रस्त्याचा विमा येतो.

लिब्रे रस्ता मला जास्त आवडतो. तो गावांमधून जातो, माणसं दिसतात, खायला मिळतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने जाताना क्वोता घ्यावा आणि लिब्रे एखाद्या सकाळी, भरपूर वेळ हातात असताना घ्यावा. उदाहरणार्थ वायादोलिद ते चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं प्राचीन शहर, हा चाळीसेक किलोमीटरचा टप्पा. कारण लिब्रेवर तोपे आहेत.

तोपे

तोपे म्हणजे गतिरोधक. गतिरोधक आपल्याला काय नवे, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुणे-सांगलीच्या गतिरोधकांवर वाढलेल्या माणसालाही तोपे गाठतो, कारण तो कुठल्याही आकाराचा असतो. कधी रुंद आणि मवाळ, कधी उकिडवा बसलेला सिमेंटचा वरवंटा, कधी रस्त्यात ठोकलेल्या लोखंडी घुमटांची ओळ. कधी पिवळे पट्टे असतात, कधी ऊन-पावसाने उडालेले. पाटी साधारणपणे असते, पिवळ्या चौकटीत काळे उंचवटे किंवा नुसतं 'तोपे १०० मी'. पण पाटीमागे झाड वाढलेलं असलं की ती दिसत नाही.

पहिल्या सहलीत काउआ नावाच्या गावात आमचं हेच झालं. दुपारची वेळ, रस्त्यावर एका डेरेदार झाडाची सावली, सावलीच्या आतच तोपे. डांबराचा रंग, सावलीचा रंग आणि तोपेचा रंग एकच. ताशी पन्नासला आम्ही त्यावर गेलो. गाडीच्या पोटाला जो आवाज झाला तो अजून कानात आहे. थांबून वाकून बघितलं, तेल गळत नव्हतं, नशीब. पलीकडे एक बाई खुर्ची टाकून बसली होती. तिच्याकडे सोललेल्या संत्र्यांच्या पिशव्या, वर तिखट-मीठ. तिने आमच्याकडे बघून हाताचा पंजा खाली-वर हलवला, हळू, हळू. आम्ही तिच्याकडून दोन पिशव्या घेतल्या आणि तिथेच सावलीत उभं राहून खाल्ल्या.

त्या बाईने मला नकळत एक खूण शिकवली. रस्त्याच्या कडेला कुणी काही विकायला उभं असेल, फळं, तामाले, शेंगदाणे, तर तिथे गाड्या हळू होतात म्हणून ते उभे आहेत. म्हणजे तोपे आहे. पाटीपेक्षा ही खूण भरवशाची.

बाकीच्या खुणा अशा. गावाचं नाव लिहिलेली पाटी दिसली की पुढच्या दोनशे मीटरमध्ये तोपे आहे असं धरून चाला. शाळा, चर्च, फुटबॉलचं मैदान, बसथांबा यांच्या दोन्ही बाजूंना असतोच. गाव संपताना शेवटचा एक असतो आणि तोच जास्त फसवतो, कारण तोवर आपण "सुटलो" म्हणून पाय दाबलेला असतो. पुढच्या गाडीने एकदम चारही दिवे लुकलुकवले तर ती ब्रेक मारते आहे. तुम्हीही लगेच आपले चारही दिवे लावा, म्हणजे मागच्याला कळेल. तोपेवर सरळ चढा, पहिल्या गिअरच्या वेगाने, आणि चार माणसं व सामान असेल तर आणखी हळू, कारण गाडी खाली बसलेली असते.

दिव्यांची भाषा

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. अमेरिकेत समोरच्याने हेडलाइट लुकलुकवले तर बहुधा "तू जा" असा अर्थ होतो. मेक्सिकोत, विशेषतः अरुंद पुलावर किंवा एकेरी जागेवर, त्याचा अर्थ "मी येतोय, तू थांब" असा असतो, अगदी आपल्याकडच्या घाटात असतो तसा. ज्याने आधी लाइट मारला तो आधी जातो. इथे भारतातली सवय कामी येते, अमेरिकेतली दगा देते.

दुसरा प्रकार पुढच्या ट्रकच्या डाव्या इंडिकेटरचा. दोनपदरी रस्त्यावर ट्रकवाला डावा दिवा लावतो तेव्हा "पुढे मोकळं आहे, ओव्हरटेक कर" असंही असू शकतं आणि "मी डावीकडे वळतोय" असंही. दोन्हींत एक माणूस जिवानिशी जाण्याइतका फरक आहे. माझा नियम : पुढचा रस्ता मला स्वतःला दिसत नसेल तर ट्रकवाल्याच्या शब्दावर जायचं नाही. आणि हायवेवरून स्वतःला डावीकडे वळायचं असेल तर मधोमध थांबून राहू नका, मागून ओव्हरटेक करणारा येऊन धडकतो. पुढे जाऊन 'रेतोर्नो' म्हणजे यू-टर्नची जागा शोधा, किंवा उजवीकडे कडेला थांबून दोन्ही बाजू मोकळ्या झाल्यावर ओलांडा.

सिग्नलचा हिरवा दिवा पिवळा होण्याआधी लुकलुकतो. तो लुकलुकू लागला की निघायचं नाही, थांबायची तयारी करायची. सिग्नल बऱ्याचदा चौकाच्या पलीकडच्या बाजूला असतो, त्याच्याखाली जाऊन थांबलात तर तुम्ही चौकाच्या मधोमध असाल. रस्त्यावरची पांढरी रेघ बघून थांबा. लाल असताना उजवीकडे वळायची सवय पाटी असल्याशिवाय वापरू नका.

गावात शिरण्याआधी

गावाच्या वेशीवर, पेट्रोलपंपावर किंवा एखाद्या मोठ्या दुकानाच्या आवारात, दहा मिनिटं गाडी उभी करा. हीच ती सवय. आमच्या घरात आता हे ठरूनच गेलंय. चालवणारा पाणी पितो, शेजारी बसणारा नकाशा उघडतो आणि वेशीपासून गाडी लावायच्या जागेपर्यंतची वळणं कागदावर लिहितो. 'सरळ चार चौक, उजवीकडे ४१, डावीकडे ४४, फाटक उजव्या हाताला.' कागद अशासाठी की गावात फोन उशिरा बोलतो, आणि वळण हुकलं की नवा रस्ता शोधत नवीनच गल्लीत घालतो.

या कामासाठी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, पण आकडे वाचता येतात, आणि युकातानमध्ये तेवढं पुरतं. वायादोलिद, मेरिदा, इसामाल या गावांतल्या रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते सम आकड्यांचे, पूर्व-पश्चिम जाणारे विषम. वायादोलिदचा मुख्य चौक, चर्चसमोरची बाग, ३९, ४०, ४१ आणि ४२ या चार रस्त्यांच्या मधे आहे. हे कळलं की गाव बुद्धिबळाच्या पटासारखं वाचता येतं.

हॉटेलचा पत्ता असा होता : काये ४० x ३९ इ ४१. बाबांनी विचारलं, "हे गुणिले कशाला?" तो गुणाकार नाही, ते 'पोर' वाचायचं. म्हणजे चाळीस नंबरच्या रस्त्यावर, एकोणचाळीस आणि एक्केचाळीस यांच्या मधल्या तुकड्यात. पाच मिनिटांत बाबांना गणित जमलं आणि मग ते प्रत्येक कोपऱ्यावर आकडे मोठ्याने वाचू लागले. आम्ही एकदाही चुकलो नाही. मेरिदात एक खबरदारी : तिथे तेच क्रमांक वेगवेगळ्या वस्त्यांत पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पत्त्यात 'कोलोनिया' म्हणजे वस्तीचं नाव असल्याशिवाय निघू नका.

पेट्रोल इथेच भरून घ्या. तिथे पंपावर माणूस भरतो, आपल्यासारखंच. हिरवं नोझल माग्ना म्हणजे साधं, लाल प्रीमियम. "येनो, पोर फावोर" म्हणजे टाकी फुल. मीटर शून्यावर आहे का ते खाली उतरून बघा, तो बहुधा स्वतःच बोट दाखवून "सेरो" म्हणतो. पाचशेची नोट देताना "किनिएन्तोस" असं मोठ्याने म्हणून हातात द्या, म्हणजे नोटेवरून पुढे वाद होत नाही. त्याला पाच-दहा पेसो टीप देतात.

गावात

जवळपास प्रत्येक रस्ता एकेरी आहे आणि एक सोडून एक उलट्या दिशेचा. दिशा सांगणारा बाण खांबावर शोधू नका, कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर बघा. छोटी पाटी असते, डोक्याच्या वर. टोकं दोन्हीकडे असतील तर रस्ता दुहेरी. बाण दिसलाच नाही तर उभ्या केलेल्या गाड्यांची तोंडं कुठे आहेत ते बघा. सगळ्या गाड्या तुमच्याकडे तोंड करून असतील तर वळू नका.

लाल अष्टकोनी पाटीवर 'आल्तो' म्हणजे थांबा. आल्तो सुद्धा भिंतीवर किंवा झाडाआड असतो. तुमच्या बाजूला ती नाही म्हणून आडव्या रस्त्यावर असेलच असं समजू नका. 'सेदा एल पासो' म्हणजे दुसऱ्याला वाट द्या. 'ग्लोरिएता' म्हणजे वर्तुळाकार चौक, गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, आणि साधारणपणे आत असलेल्याचा मान पहिला. मध्य मेक्सिकोतल्या शहरांत 'उनो इ उनो' अशी पाटी दिसते : या रस्त्यावरची एक गाडी, मग त्या रस्त्यावरची एक. तिथले लोक हे इतक्या शिस्तीने पाळतात की बघत राहावं.

गावात माझा वेग ताशी वीस ते तीस. कारण पुढे काय येईल सांगता येत नाही. तीनचाकी सायकली असतात, पुढे सामानाचा पेटारा आणि त्यात आजी बसलेली. मोटारसायकलवर चौघं. रस्त्याच्या मधोमध झोपलेला कुत्रा, जो उठणार नाही याची त्याला खात्री आहे. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. अगदीच घाईत दिसला तर कडेला घेऊन त्याला जाऊ द्या.

पावसाळा तिकडे साधारण जून ते ऑक्टोबर. युकातान चुनखडीचं सपाट पठार आहे, जमिनीवर नद्या नाहीत, पाणी खालीच मुरतं. पण धो धो पडला की गावातल्या सखल चौकांत तेवढ्यापुरतं तळं साचतं आणि त्यात खड्डा आहे की तोपे हे कळत नाही. अर्धा तास थांबा, उतरतं.

रविवारी मुख्य चौकाभोवतीचे रस्ते बंद असू शकतात. मेरिदात तर जुन्या गावातला भाग आणि पासेओ दे मोन्तेखो हा मोठा रस्ता रविवारी सकाळी सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळा असतो. शनिवारी रात्री गाडी तिथे लावून ठेवली असेल तर सकाळी तिला बाहेर काढणं अवघड जाईल.

गाडी लावणे

'E' हे रोमन अक्षर वर्तुळात, लाल तिरकी रेघ मारलेलं, म्हणजे गाडी लावायला मनाई. फुटपाथची कड पिवळी रंगवलेली, म्हणजेही मनाई. अनेक मेक्सिकन गावांत चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला पोलीस जॅमर लावत नाहीत, स्क्रू-ड्रायव्हरने नंबरप्लेट काढून घेऊन जातात. मग 'त्रान्सितो' म्हणजे वाहतूक कचेरीत जाऊन दंड भरून ती सोडवायची. सहलीतला अर्धा दिवस त्यात जातो.

रस्त्यावर जागा शोधताना हातात लाल फडकं घेतलेला माणूस "व्येने, व्येने" म्हणत मागे-पुढे घ्यायला सांगेल. ये, ये, असा अर्थ. त्याला निघताना दहा-वीस पेसो द्यावेत. तो अधिकृत नसतो, पण गल्ली त्याला पाठ असते, आणि त्याने "इथे नको" म्हटलं तर ऐकावं.

तरीही माझा सल्ला आवाराचाच. तासाला थोडे पेसो जातात, पण भिंत असते, माणूस बसलेला असतो. सीटवर काही ठेवू नका, फोनची वायरसुद्धा नको. सामान डिकीत टाकायचं तर ते वेशीवरच, त्या दहा मिनिटांत टाका. गाडी लावल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून बॅगा आत भरणं म्हणजे आत काय आहे ते सांगणं.

आणि मग चाला. वायादोलिदमध्ये बागेपासून चालत जाऊन मठ बघायचा, सान बेर्नार्दिनो दे सिएनाचा. तिथवर जाणारी काल्सादा दे लोस फ्राइलेस ही फरसबंद तिरकी गल्ली गाडीतून बघण्यासारखी नाहीच. पायऱ्यांनी उतरायचं साकी सेनोते, म्हणजे चुनखडी खचून झालेली नैसर्गिक विहीर, हेही गावातच आहे. गुडघेदुखीवाल्या आईनेसुद्धा हे सगळं दोन दिवसांत पायी केलं.

गाडी लावून चालणं कुठे सक्तीचंच आहे ते बघायचं तर ग्वानाहुआतो शहराचं उदाहरण घ्या. चांदीच्या खाणींचं डोंगरी शहर, १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथली नदी पुरांमुळे दुसरीकडे वळवली आणि तिच्या जुन्या पात्रातून रस्ता काढला. त्यामुळे शहराखालून बोगद्यांचं जाळं आहे, बोगद्यांत चौक आहेत, बसथांबे आहेत. फोनला उपग्रह दिसत नाही, नकाशा वरच्या रस्त्यावरची वळणं सांगतो आणि तुम्ही खाली असता. अशा ठिकाणी वेशीजवळच्या आवारात गाडी सोडून टॅक्सीने हॉटेलवर जाणं हाच शहाणपणा.

अंधार पडायच्या आत

गावाबाहेर रात्री गाडी चालवू नका. यावर माझं दुसरं मत नाही. बिनदिव्यांच्या सायकली, रस्त्यावर बसलेली गुरं, न दिसणारे तोपे, कडेला पायी घरी निघालेली माणसं.

इथे एक चकवा आहे. कानकून ज्या किन्ताना रोओ राज्यात येतं त्याचं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. म्हणून कानकूनच्या घड्याळाने दुपारी साडेचारला निघालात तर वायादोलिदच्या घड्याळाने तुम्ही साडेपाचला पोचता आणि वाटतं लवकर पोचलो. पण डिसेंबरात वायादोलिदला साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि संधिप्रकाश आपल्या कोकणासारखाच थोडका. विमान दुपारी तीननंतर उतरत असेल तर पहिली रात्र कानकूनमध्येच काढा.

पोलीस आणि चौक्या

राज्याच्या हद्दीवर आणि मोठ्या रस्त्यांवर पोलिसांच्या किंवा लष्कराच्या चौक्या असतात. वेग कमी करा, गाणी बंद, काळा चष्मा काढा, खिडकी खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावा. "दे दोन्दे व्येने, आ दोन्दे बा?" कुठून आलात, कुठे चाललात? गावाचं नाव सांगा, पुढे जायला हात करतात. बाबांनी प्रत्येक शिपायाला हात जोडून नमस्कार केला आणि प्रत्येकाने हसून प्रतिसाद दिला.

वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तर शांत राहा. चूक झाली असेल तर दंडाची पावती मागा, 'ला बोलेता', आणि दंड कचेरीत भरीन म्हणा : "पागो एन ला ओफिसिना". जागच्या जागी रोख मागितलेले पैसे म्हणजे 'मोर्दिदा', शब्दशः चावा. तो दिला की पुढच्या पर्यटकाला पुन्हा मागितला जातो. मी घाई नसल्यासारखी बसून राहते. दोनदा असं झालं, दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांनी "जा" म्हणाले. पासपोर्ट हातात देऊ नका, त्याची झेरॉक्स दाखवा.

अपघात झालाच तर

गाडी तिथेच थांबवा, चारही दिवे लावा, माणसं सुरक्षित कडेला न्या. कुणाला लागलं असेल तर ९११. मग विमा कंपनीच्या नंबरवर फोन. त्यांचा 'आहुस्तादोर' म्हणजे पाहणी करणारा माणूस जागेवर येतो आणि बोलणी तोच करतो. तो येईपर्यंत कशावरही सही करू नका, चूक कबूल करू नका, समोरच्याला पैसे देऊ नका. समोरचा माणूस जखमी झाला असेल तर चूक कुणाची हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवू शकतात. जामीन आणि वकील विम्यात आहेत का, असं मी वर विचारायला सांगितलं ते यासाठी.

नुसती गाडी बंद पडली असेल तर ०७८. पर्यटन खात्याच्या 'आंखेलेस वेर्देस', हिरव्या देवदूतांच्या हिरव्या गाड्या मोठ्या रस्त्यांवर दिवसा फिरतात. मदत फुकट, सुटे भाग आणि पेट्रोलचे पैसे आपले. पंक्चरसाठी 'यान्तेरा' ही पाटी किंवा रस्त्याकडेला टांगलेला जुना टायर शोधा, प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक असतोच.

परतीच्या दिवशी

जाताना मिळालेला तास येताना जातो. कानकूनहून दुपारी दोनचं विमान असेल तर वायादोलिदच्या घड्याळात तो एक वाजलेला असतो. बारापर्यंत विमानतळावर पोचायचं म्हणजे वायादोलिदच्या वेळेने अकरा. दोन तास रस्ता, अर्धा तास पेट्रोल भरायला आणि गाडी परत द्यायला, अर्धा तास हाताशी. म्हणजे सकाळी आठला गाव सोडायचं. आदल्या रात्री फोनचं घड्याळ आपोआप बदलतंय का ते तपासा, आणि तरीही आठ हा आकडा कागदावर लिहून दाराला चिकटवा. बाबांनी तो लिहिला होता, वर तारीख घालून.